पत्र्या मारुतीचा पत्ता

यवतमाळची गाडी पुण्यात पोचली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं?" मला सदाशिव पेठेत पेरूगेटाजवळ जायचं होतं. ‘प’ ओठांवरच अडकला. शेवटी मी मुकाट्यानं चिठ्ठी पुढे केली.

इंजिनियर होऊन वर्ष झालं होतं. आमच्याकडची निम्मी पोरं सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी पुण्यात येऊन राहिली होती, आणि मला दोन मुलाखतींत स्वतःचं नावच सांगता आलं नव्हतं. तिसऱ्या कंपनीची मुलाखत सहा आठवड्यांनी होती, वाघोलीच्या एका कॉलेजात. तीही गेली की मामाच्या कापडदुकानात बसायचं, असं घरी ठरलं होतं.

पेठेत तोतरेपणावर उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचं औषध म्हणजे पायपीट. रोज दहा अनोळखी माणसांना पत्ता विचारायचा. अडखळलं तरी चालेल. पण समोरच्यानं पुरवलेला शब्द घ्यायचा नाही, आपला आपणच पुरा करायचा.

पहिल्या आठवड्यात मी शनिवारवाडा, लाल महाल, सारसबाग सगळं पाहिलं. फारसा अडखळलो नाही. मोठ्या फुशारकीनं बाईंना वही दाखवली.

"‘प’चं एकही ठिकाण दिसत नाही," बाई म्हणाल्या. "आपण पुणं छान पाहिलंत. बोलायला कधी येताय?"

दुसऱ्या दिवशी शनिवार पेठेतल्या एका वाण्यासमोर उभा राहिलो. "प... प... प..."

"पर्वती?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"पासोड्या विठोबा?"

"प... पत्र्या मारुती!"

"अहो, शेजारच्या पेठेत आहे. एवढ्या वेळात दर्शन घेऊन आला असतात."

मागच्या गिऱ्हाइकाला हसू आलं. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. समोरच्या अमृततुल्य चहाच्या दुकानात शिरलो आणि चहासुद्धा बोट दाखवून मागितला.

महिना असाच गेला. ‘प’वर दहापैकी आठदा अडकायचो, तो सातदा अडकू लागलो. "महिनाभर चपला झिजवून फक्त एकाचा फरक?" मी बाईंवर चिडलो.

"मग काय, परत द्यायचाय?"

त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. यवतमाळची गाडी धरावी आणि मोकळं व्हावं, असं वाटलं. तरी सकाळी पाय त्याच वाण्याकडे वळले. पुन्हा अडकलो. तो डाळ तोलत राहिला. "होऊ द्या," म्हणाला, "दुकान साडेबारापर्यंत उघडं आहे."

मुलाखतीच्या दिवशी वाघोलीची बस पकडली. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "कुठं उतरायचं हाय?" उत्तराला वेळ लागतोय म्हटल्यावर त्यांनी येरवडा, खराडी करत सगळे थांबे पुढे केले. मी घामाघूम होऊन वाघोली एकदाचं उच्चारलं.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघे होते. त्यांनी नाव विचारलं. माझा जबडा आवळला गेला. मधल्या गृहस्थांना दया आली. कागदात बघून ते म्हणाले, "प्रमोद, ना?"

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर सुटलो असतो. मी हात वर करून त्यांना थांबवलं. "प... प... प्रमोद काळे."

पुढची सगळी उत्तरं बरोबर आली. संध्याकाळी यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. त्या गृहस्थांनी बाजूला घेऊन सांगितलं, "काम तुम्हाला येतं. पण आमच्या कंपनीत दिवसभर परदेशी लोकांशी फोनवर बोलावं लागतं."

पेठेत परतलो आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो. तोवर मी घरी पत्रंच लिहीत होतो, फोन कधी केलाच नव्हता. माझा शब्द फुटण्याआधीच आईनं दोनदा "हॅलो, कोण?" विचारून फोन ठेवून दिला. तिसऱ्यांदा लावला.

"आई, मी प्र... प्रमोद. माझी निवड नाही झाली. मी अजून तीन महिने इथंच राहतो."

मग ती म्हणाली, "पुन्हा बोल ना रे."

या वेळी मी ‘आई’वरच अडकलो. तिनं फोन ठेवला नाही.