जिभेला चिकटलेला दगड

"मावशी, आई गेली," लातूरहून शैलाच्या लेकीचा फोन आला. दोघी पोटभर रडून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "मावशी, आईच्या दगडांचं काय करायचं गं?" आणि मला त्या रडण्यातच हसू फुटलं. शैलाला ते आवडलं असतं. तिच्या घरी खुर्चीवरचे दगड उचलल्याशिवाय पाहुण्याला बसता येत नसे, आणि ते भलत्या जागी ठेवले तर चहा उशिरा मिळे.

नांदेडच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. ती कंधारच्या बौद्ध घरातली, शाळेतल्या गुरुजींची मुलगी, भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करणारी, मी लोह्याची, मराठीत एम.ए. करणारी. मी कविता पाठ करत असायचे तेव्हा ही पलंगावर मांडी घालून दगड चाटत असायची. हो, चाटत! ओला झाला की दगडाचा खरा रंग कळतो आणि चिकणमातीचा असला तर तो जिभेला चिकटतो, हे तिचं शास्त्र. "सासूसमोर असलं काही करू नकोस," मी म्हणायचे. "आधी तिला हातोडी दाखवीन, मग चाटीन," ती म्हणायची.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं उघडत होती, आणि त्यातल्या भूजलाच्या ऑफिसात आपण लागायचं, जीपमधून शिवारं पालथी घालायची, हे शैलानं ठरवून टाकलं होतं. गुरुजींनी मात्र एकच उन्हाळा दिला होता. "परबंधाचं काम जमलं तर पुढं बघू, न्हाई तर आलेल्या स्थळाला हो म्हन." एकटीनं रानोमाळ हिंडायचं नाही म्हणून सोबतीला मी. प्रबंधासाठी तिनं शिरूर अनंतपाळकडचं एक गाव निवडलं. वर्ष दुष्काळाचं. कोरड्या विहिरींत ती दोर धरून उतरायची आणि मी वर बसून तिच्या चपला राखायचे.

आमच्या मुक्कामातच गावात बोअरची गाडी आली, तीही एकाच बोअरपुरती. गावचे पाणाडे नामदेवमामा तळहातावर आडवा नारळ ठेवून शिवारभर चालले. देवळामागच्या उंचवट्यावर नारळ उभा राहिला, म्हणजे पाणी तिथंच. शैलाची जागा होती ओढ्याच्या वळणावर. तिथल्या विहिरीत तिला तांबडा थर सापडला होता, जिभेला घट्ट चिकटणारा. हा थर पाणी खाली सोडत नाही, ते वरच्या जाळीदार दगडात अडून राहतं, असं ती जीव तोडून सांगत होती. सरपंच म्हणाले, "बाई, चाटून पाणी लागत असतं तर आमच्या म्हशीनं कवाच हिरी पाडल्या असत्या!"

सगळे हसले. शैलाही हसली, तडक आपल्या जागेवर गेली आणि बसली. "गाडी हितं लावा. तवर मी हलत न्हाई." मी तिच्या कानाशी लागले, "अगं, कोरडं निघालं तर?" "तर बाबांचं स्थळ हायच की," ती म्हणाली, पण माझा हात तिनं इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. ओढ्यात झरा उकरत बसलेल्या बायकांतली एक म्हातारी घागर घेऊन वर आली. "मागं नारळाच्या दोन जागा कोरड्या गेल्या. एक डाव पोरीचं बी ऐका की," म्हणाली आणि शैलाशेजारी फतकल मारून बसली. मग दुसरी, मग तिसरी... गाडीवाल्यानं सरपंचांकडं बघितलं, बायकांकडं बघितलं आणि गाडी ओढ्याकडं वळवली.

बराच वेळ नुसता धुरळा. आमची तोंडं पांढरीफटक. शैला बाहेर पडणारा भुगा चिमटीत धरून चाटून बघत होती आणि मला प्रथमच त्याचं हसू आलं नाही. मग भुगा दमट झाला, चिखल झाला, आणि एकदम पाण्याचा फवारा! म्हातारी लुगडं खोचून त्यात नाचली. नामदेवमामा पुढं आले. "नारळ वाया जाऊ द्यायचा न्हाई, पोरी." त्यांनी तो बोअरच्या पाइपावर फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा शैलाच्या हातावर ठेवला. तिनं तो मोडून अर्धा त्यांनाच परत दिला. त्या गावात कुणाच्या हातचं कोण खातं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी समजलं होतं... मामांनी सगळ्यांदेखत तो तोंडात टाकला. "लई गोड हाय," म्हणाले.

गुरुजींनी पुन्हा स्थळाचं नाव काढलं नाही. शैला निवृत्त होईपर्यंत जीपमधून हिंडली. लग्नही केलं, सासूला हातोडी दाखवूनच. कधी एखादा बोअर कोरडा गेला की मला फोन यायचा, "आज दगडानं तोंडावर पाडलं गं!" आणि वर खळखळून हसायची.

परवा मी तिच्या घरी गेले. खिडकीत दगड तसेच होते, रोज पुसल्यासारखे लख्ख. "तुला हवा तो घे, मावशी," म्हणून लेक चहा टाकायला आत गेली. मी तांबडा उचलला. जन्मभर शैलाची थट्टा केली, पण स्वतः कधी चाटून पाहिलं नव्हतं. इकडं तिकडं बघितलं आणि हळूच जीभ लावली... घट्ट चिकटला. तेवढ्यात लेक कप घेऊन दारात आली, बघतच राहिली आणि थेट आईसारखी हसली. "मावशी, तूसुद्धा?"

मी नुसती मान हलवली. दगड अजून सुटला नव्हता.