सायमी आत्याच्या डोणीतली धार

माझी सायमी आत्या सिस्मा गावच्या डेअरीत दूध मोजायची. पुरुषभर उंची, खणखणीत आवाज. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एका घरात एकच हुकूम चालतो, आणि मला माझाच आवडतो." पण पंचक्रोशी तिला ओळखायची ती साहतीसाठी. लग्न असो, बारसं असो, आत्याच्या हातची ती घरगुती बिअर नसेल तर लोक आमंत्रण अर्धंच धरायचे.

तिची रीत ठरलेली होती. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, त्यात मूठ-दोन मुठी राय नावाचं धान्य घालायचं आणि लाकडी पिंपात कोमट पाण्यानं भिजवायचं. मग दर तासाला आधीपेक्षा जरा जास्त गरम पाणी घालायचं, आणि लांब दांड्यानं तळापासून ढवळायचं. सहा-सात तासांनी त्या पिठूळ लापशीला अशी गोडी चढायची की बोट चाटत बसावं.

माझी आई केर्टू शेजारच्या हार्तोला गावची. तिच्या माहेरी ही लापशी शेवटी चुलीवर चढवून चांगली रटरटवतात. नवी नवरी असताना एकदा ती हे बोलून गेली.

"तुमच्याकडे साहती करतात की डुकरांचं आंबोण?" आत्या म्हणाली.

झालं! पुढची सत्तावीस वर्षं आईनं साहतीच्या दिवशी फक्त पाणी वाहिलं आणि सरपण फोडलं. दांड्याला हात म्हणून लावला नाही. एरवी दोघींचं छान जमायचं. एकत्र मासे खारवायच्या, एकत्र चर्चला जायच्या.

शहात्तर साली माझं लग्न योहानसच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाला ठरलं. दोन आठवडे आधी आत्या सौनातलं वाफेचं स्नान उरकून तळ्यात उतरताना ओल्या फळीवरून घसरली. उजवा हात कोपरात मोडला. प्लास्टर.

"आत्या, या वेळी दुकानातली बिअर आणू," मी म्हटलं.

लग्नच दुकानात लावू म्हटल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे वळली. "केर्टू, हात तुझे, डोकं माझं. चालेल?"

"म्हणजे माझं डोकं बाजूला ठेवून यायचं, असंच म्हण ना," आई म्हणाली, आणि बाह्या वर केल्या.

लग्नाच्या आठवडाभर आधी, सकाळी सहाला पिंप भरलं. आत्या स्टुलावर बसून एकेक हुकूम सोडत होती.

"तळापासून ढवळ. वरवर काय कुरवाळतेस, मांजर आहे का ते?"

"पाळणा झुलवल्यासारखं ढवळ म्हणून मघाशी तूच सांगितलंस!"

"बाळ झोपलं आता. जरा जोर लाव."

दुपारी लापशी डोणीत ओतली. आमची डोण म्हणजे अस्पेन झाडाचं अख्खं खोड कोरलेलं. तळाला काठ्या, त्यांवर रायचा पेंढा आणि जुनिपरच्या हिरव्या फांद्या. टोकाच्या भोकाला बूच. बूच जरासं सैल केलं की रस त्या थरांतून गाळून निघतो. पहिला गढूळ रस परत वर ओतायचा. नितळ यायला लागला की जुनिपर घालून उकळलेलं पाणी वरून हळूहळू शिंपडत राहायचं, म्हणजे चोथ्यातली उरलीसुरली गोडीही खाली उतरते.

धार सुरू झाली, पण करंगळीएवढी. आत्याला धीर कुठला!

"काढ ते बूच पूर्ण!"

"सायमी, थर दबेल."

"काढ म्हणते ना!"

आईनं बूच काढलं. भसकन बादलीभर रस आला, मग थेंब थेंब, मग तेही बंद. सगळा चोथा तळाशी घट्ट बसला होता. आत्यानं डाव्या हातानं डोणीवर थापा मारल्या, काठी खुपसली. काही उपयोग नाही. शेवटी ती मटकन स्टुलावर बसली. तिचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"पोरीच्या लग्नाला पाणी पाजणार मी," ती पुटपुटली.

 आईनं चूल पेटवली, डोणीतली लापशी बादल्यांनी काढून कढईत ओतली आणि माहेरच्या रीतीनं, चोथा सुटा होईपर्यंत, चांगली रटरटू दिली. तोवर मी डोण धुऊन नवा पेंढा अंथरला. सगळं परत ओतलं. बूच जेमतेम सैल केलं.

धार आली. तांबूस, नितळ, न तुटणारी.

आत्यानं लाकडी पेल्यात रस धरला आणि प्यायली.  तिनं ओठ पुसले.

"केर्टू, सत्तावीस वर्षं गप्प का बसलीस गं?"

"तू बोलू दिलंस तर ना!"

आत्या अशी हसली की गोठ्यातल्या गाई बिचकल्या. आईचं हसणं तर थांबेचना, शेवटी ती कढईला धरून खालीच बसली.

तो रस खमीर घालून तळघरात आठवडाभर आंबवला, आणि लग्नात पाहुण्यांनी त्याची तीन छोटी पिंपं संपवली. पाद्रीबुवांनी दोन कानांचा पेला चौथ्यांदा पुढे करत विचारलं, "सायमी, यंदा काय घातलंस?"

"मी फक्त ओरडले," आत्या म्हणाली. "साहती केर्टूची आहे." मग गळ्यात अडकवलेल्या प्लास्टरसकट तिनं आईला अंगणात ओढलं, आणि त्या दोघी हुम्पा हा जोडीचा नाच नाचल्या, आई उलट्या पावलांनी, कारण पुढाकार आत्यानं कुणाला द्यायचा नाही तो नाहीच दिला.

पुढच्या वर्षी माझ्या मुलाच्या बारशाला दोघींनी मिळून साहती केली. जुनिपरच्या फांद्यांवर फळं ठेवायची की खुडायची, यावरून दिवसभर भांडल्या. रस्त्यावरून जाणारे सायकली थांबवून ऐकत होते.