मामांचं बेट

कुऱ्हाड घालण्याआधी मामा झाडाला पत्ता सांगत. "तळ्याच्या उगवतीले जागा खाली हाये. तिकडं जाय." मग पहिला घाव. तो मुकादमानंच घालायचा, असा टोळीचा रिवाज.

भिलाईत कारखान्यासाठी रान मोकळं करणाऱ्या टोळीचे हे मुकादम. मूळ भंडाऱ्याकडचे, बरॅकीत माझे शेजारी. दिवसभर तोडलेलं सगळं संध्याकाळी त्यांच्या बेटावर पोचलेलं असे. बेट कुठल्या समुद्रात, ते विचारायचं नाही. समुद्र मामांनी पाहिलाच नव्हता. पण मधोमध तळं, उत्तरेला मुरमाड टेकाड, उतारावर मोह, पळस, तेंदू, हे सगळं पाठ. बीळ उकरलं की साळिंदर तिकडे, डबकं बुजवलं की बेडूक तिकडे.

"आणि माणसं?" मी विचारलं.

"माणूस नाई. माणूस आला का आखणी आली."

मी नकाशे गिरवणारा. अक्कल पेन्सिलीच्या टोकाएवढी. एकदा गंमत म्हणून ते बेट मरोदा गावच्या नकाशाच्या कोपऱ्यात काढलं आणि पुसायला विसरलो. साहेबांनी टेकाडावर लाल पेन्सिल फिरवून शेरा मारला : सपाट करावे. मी हसत हसत मामांना सांगायला धावलो. ते हसले नाहीत. "पाह्यलं? नुसतं कागदावर आलं तरी सोडत नाईत."

मरोद्याजवळ एक चिंच होती, बगळ्यांच्या घरट्यांनी लगडलेली. तिला मात्र मामा पत्ता सांगेनात. "पिल्लं उडू दे, मंग पाहू." ती उडाली, पुढच्या साली नवी आली, मामांचं 'मंग' काही येईना. शेवटी साहेब म्हणाले, चिंच उभी तर मुकादमाला बिऱ्हाडासाठी क्वार्टर नाही. त्याच आठवड्यात गावाकडच्या माणसासोबत मामींचा निरोप आला : "तुमच्या भावानं चूल येगळी केली. दोन पोरी घेऊन मी कुठं बसू?"

चिंच पडली तेव्हा पिल्लं घरट्यांतच होती. मामांनी पत्ता सांगितला नाही.

क्वार्टर मिळालं, मामी आल्या. मी पेढे खायला गेलो आणि नेमकं नको तेच बोललो, "मामा, बेटावर काय नवीन?"

"कोनतं बेट जी?" मामी हसून म्हणाल्या.

"माणूस आला तिथं," मामा म्हणाले.

"कोण?"

"मीच."

त्यानंतर घाव घालण्याआधी मामा थांबत नसत. काम भराभर उरके. साहेब खूश होते.