अबोलाबाईंनी टाळलेलं दार

तुमचा कोणाशी अबोला आहे का? घाईने 'नाही' म्हणू नका. पुलगावच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत घाईने 'नाही' म्हणणाऱ्यांच्या घरी एक बाई मुद्दाम जास्त वेळ बसायच्या.

तरुणपणी त्या मिशनच्या पगारावर खेड्यापाड्यांत वचन सांगत फिरल्या. पुढे पगार थांबला, फिरणं थांबलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी, असे. त्याच्या आधी त्या मंडळीतल्या एकेका दारात उभ्या राहत आणि विचारत, "सलाम. कोनासंग अबोला हाय काय?" मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजाजवळ जायचं नाही, हा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता. दारोदार जाऊन विचारणाऱ्या त्या एकट्याच. पोरांनी त्यांचं नाव अबोलाबाई ठेवलं आणि त्यांनी ते खुशाल लावून घेतलं.

एका घरात काका-काकू एकमेकांशी बोलत नव्हते. बाई म्हणाल्या, "मंग भाजीत मीठ कमी हाय हे कोनाले सांगता? भिंतीले?"

"मी मीठच मागत नाई," काका म्हणाले.

"म्हनूनच तोंड असं अळणी झालं तुमचं."

काकूंना हसू आलं. अर्धं काम तिथेच झालं.

मोठ्या भांडणात मात्र त्या हसवत नसत. एका मोरीच्या पाण्यावरून दोन भाऊ तुटले होते. धाकटा लगेच हात जोडून "माफ कर दादा" म्हणाला, तर बाईंनी त्याचे हात खाली केले. "आधी काय केलं ते सांग. माफी कायची मागून राह्यला, ते त समजू दे त्याले." धाकट्याला ते सांगायला अख्खी दुपार लागली.

मी धर्मप्रचाराच्या पत्रकांवर वाढले. बाबा ती स्टेशनवर वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर मी अक्षरं जुळवली. प्रत्येक गोष्टीला खरं किंवा खोटं, तारण किंवा नाश, एवढेच दोन रकाने असतात असं मला वाटायचं. बाईंचे गुडघे गेल्यावर मी त्यांना स्कूटीवरून नेऊ लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या एक दार नेमाने टाळतात. रेल्वे लाइनीपलीकडचं, त्यांच्या धाकट्या बहिणीचं, लीलामावशीचं. आणि भाकर व द्राक्षारस घ्यायला सगळी मंडळी पुढे जाई, तेव्हा बाई जागेवरून उठत नसत. नवे लोक त्याला नम्रता म्हणत.

जुन्यांना अर्धी गोष्ट ठाऊक होती. बाईंना एकच मुलगी, रूथ. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, सावंगीच्या दवाखान्यातून गोळ्या यायच्या. बाई दौऱ्यावर गेल्या की रूथ मावशीकडे राही. एकदा बाई रोहण्याला गेल्या असताना पुलगावात चंगाई सभा भरली, प्रार्थनेने आजार बरे होतात असं सांगणारी. तिची पत्रकंही आमच्याच घरातून वाटली गेली. मावशी रूथला घेऊन गेली. काही आठवड्यांनी रूथ वारली. सगळे म्हणाले, प्रभूची इच्छा. तेव्हापासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या.

मंडळीच्या पंचांनी बाईंना पुष्कळ समजावलं. "बाई, तुम्हीच अशा वागल्या तर लोकांनी काय शिकावं? सोडून द्या." बाई नुसती मान हलवायच्या. मी चिडायचे. आपल्याकडे माफी नेहमी ज्याला लागलं त्याच्याकडूनच वसूल होते. ज्याने मारलं त्याला कोणी काही विचारत नाही. हे मी त्या पंचांना तोंडावर सांगितलंही. बाई मला म्हणाल्या, "तू कायले भांडते वं? मले राग हाय, तो मायाजवळ राहू दे."

मागल्या वर्षी मंडळीतल्या एका मुलाला तोच आजार निघाला. आम्ही फेरीला गेलो, तर त्याची आई आनंदाने म्हणाली, "लीलामावशी येऊन प्रार्थना करतात. त्या म्हणाल्या, विश्वास असन त गोळ्या कायले पायजे?"

बाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "लाइनीपल्याड चाल."

लीलामावशीने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. बाई उंबऱ्याबाहेरूनच बोलल्या.

"लीले, कोनासंग अबोला हाय काय?"

"तुले ठाऊक नाई काय, ताई?"

"हाय. म्हनून आली. रूथच्या गोळ्या तू बंद केल्या."

"प्रभूची इच्छा होती, ताई."

"प्रभूनं डबी नाई लपवली. तू लपवली, पिठाच्या डब्यात. मले सापडली थे, ती गेल्यावर."

मावशी उंबऱ्यावर बसली. "मले खरंच वाटलं, ती बरी होईन. मायीबी त होती ती."

"हो. तुले तिचा जीव घ्याचा नोता, मले ठाऊक हाय. मी तुले माफ करते, लीले. पन केलं ते तूच केलं. हे कबूल केल्याबिगर मायी माफी घेऊ नको. अन् त्या पोराच्या गोळ्याले हात लावू नको."

मग मावशी म्हणाली, "इतके वर्स हे काऊन नाई बोलली? मी रोज सोताले सांगत होती का मायी चूक नाई. कोनी 'नाई, तुयीच चूक हाय' म्हनलंच नाई मले."

"मले वाटे, न बोलनं हेच तुले शिक्षा हाय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. "त्यात हे दुसरं लेकरू जात होतं."

परतताना मी विचारलं, "आता हलकं वाटतं का?"

"नाई वं. थकली. उद्या उठली का पुन्हा राग येईन. पुन्हा सोडा लागन. थे काम सरत नाई."

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः त्या मुलाच्या घरी गेली. चार लोकांदेखत म्हणाली, "गोळ्या चालू ठेवा. मी बंद केल्या होत्या, त मायी रूथ गेली." पोरगा आज शाळेत जातो. त्या रविवारी बाई पुढे गेल्या, भाकर घेतली, परत येऊन बसल्या आणि गुडघा चोळत राहिल्या. चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं. हिवाळ्यात त्या वारल्या. शेवटचे दिवस मावशीच त्यांच्या उशाशी होती. बाई कधी तिचा हात धरायच्या, कधी झटकायच्या, मग पुन्हा धरायच्या.

पण मावशीने कबूल केलेलं गावभर झालं होतं. 'सोडून द्या' म्हणणारे तेच पंच आता मावशीला पाहून रस्ता बदलतात. जोवर माफी बाईंना करायची होती तोवर ती सोपी होती. चूक नाव घेऊन समोर उभी राहिली आणि आता माफी सगळ्यांनाच करायची आहे, तर कोणाच्यानेच होत नाही. मावशीला नामकरणाचं बोलावणं येत नाही, लग्नाचं येत नाही. खरं बोलल्याचं हे बक्षीस आपण तिला दिलं. मी मधूनमधून तिच्याकडे जेवायला जाते. रूथचा फोटो समोर असतो, घास सहज उतरत नाही. तरी जाते, कारण बाई हे काम अर्धं टाकून गेल्या आहेत आणि मी एकटी त्याला पुरत नाही.

तुमच्या मंडळीतही असं एक माणूस असेल, ज्याने आपली चूक चारचौघांत कबूल केली आणि तेव्हापासून एकटं पडलं. त्याला निरोप पाठवू नका, त्याच्यासाठी नुसती प्रार्थनाही करू नका. या आठवड्यात त्याच्या घरी जा आणि त्याच्या हातचं जेवा.