ताईंकडे मी जात होतो, हे सांगायचं राहून गेलं

माफ करा, फार उशिरा लिहितोय.

ताई जाऊन एकोणीस दिवस झाले. मला काल कळलं.

पंचवटीत झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. काल माझी वेळ होती म्हणून जिना चढलो, तर दाराला कुलूप आणि ताई गेल्याचा एक छापील कागद. खाली येऊन झेरॉक्सवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ताईंनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं, माझ्याकडे कोण येतं ती नावं कुणी बघायची नाहीत. म्हणून कुणालाच कळवता आलं नाही.

मला राग आला. मग वाटलं, माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत जपलं. आता रागवू कुणावर?

ताई समुपदेशक होत्या. काउन्सेलर. मी दोन वर्षं त्यांच्याकडे जात होतो.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझी मुलगी सुनंदा, येवल्याला दिलेली, तिलाही नाही. आज हे लिहायला बसलो ते तिच्यासाठीच.

मी सातवी शिकलेला माणूस. मखमलाबादला फुलशेती केली. चुकलं तर सांभाळून घ्या.

सुनंदाची आई गेली आणि मला भीतीच बसली. सुनंदाला दिवसातून पंधरा-वीस फोन. उचलला की एकच प्रश्न, बरी आहेस ना? उचलला नाही की जावयाला फोन, तोही लागला नाही की शेजाऱ्यांना. एकदा तर शेजारच्या बाईंना तिच्या दारावर पाठवलं. ती डोक्यावरून अंघोळ करत होती. सासरी सगळे हसले.

त्या दिवशी ती म्हणाली, "आप्पा, मला रोज जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो तुम्हाला."

मग तिने फोन उचलणंच बंद केलं.

छातीत धडधडायचं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, हृदय चांगलं आहे म्हणाले, आणि ताईंचा पत्ता दिला.

पहिल्याच दिवशी मी ताईंना म्हणालो, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं ती ऐकेल, तिला फोन उचलायला सांगा.

ताई हसल्या. म्हणाल्या, "काका, ती माझ्याकडे आलेली नाही. तुम्ही आलात." मग विचारलं, समजा तिने उचलला, तर काय बोलाल?

बरी आहेस ना, याच्यापुढे माझ्याकडे काही नव्हतंच.

मला वाटलं होतं गोळी देतील, नाहीतर उपदेश करतील. त्या नुसतं विचारायच्या आणि गप्प बसायच्या. मी घरी येऊन चिडायचो, एवढा रिक्षाने जातो आणि बोलायचं मीच?

मग त्यांनी वही दिली. भीती वाटली की वेळ लिहायची, काय वाटलं ते लिहायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग फोन.

माझ्याने होईना. मंगळवारी जायचं असायचं. मंगळवारी सकाळी फूलबाजारात बसून सगळा आठवडा एकदम लिहून काढला.

ताईंनी वही बघितली. "काका, रोज सकाळी बरोबर दहालाच भीती वाटली?"

मी दहाला लिहायला बसलो होतो. सगळीकडे दहाच पडले होते.

खरं सांगितलं. कोरी वही बघून तुम्ही मला येऊ नका म्हणाल, असं वाटलं. शाळेत पाटी कोरी राहिली की मास्तर बाहेर उभं करायचे, तेही सांगितलं.

ताईंनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तुम्हाला परत शाळेत बसवलं."

शिकलेल्या माणसाने माझ्यासमोर चूक कबूल केलेली मी पहिल्यांदा बघितली.

मग त्यांनी विचारलं, कोणतं काम हातात असलं की फोन आठवत नाही? मी म्हणालो, हार ओवणं. मग आम्ही दोघांनी ठरवलं, भीती आली की आधी एक हार पुरा करायचा. नंतर फोन करावासा वाटला तर करायचा.

त्या महिन्यात गल्लीतल्या मारुतीला रोज पाच-सहा हार. पुजारी म्हणाला, काय नवस बोललात एवढा?

हार हळूहळू कमी झाले. चौथ्या महिन्यात सुनंदाचाच फोन आला. "आप्पा, बरे आहात ना? तुमचा फोनच नाही." मला हसू आवरेना. तेव्हापासून दर रविवारी बोलतो. तिच्या मुलांचं, मागावरच्या पैठणीचं. कधी अर्धा तासही होतो.

ताईंनी विचारलं होतं, आता आणखी काय हवं? मी म्हणालो, मी इथे येतो ते तिला सांगायचंय. कधी, ते तुम्हीच ठरवा म्हणाल्या. मी ठरवलंच नाही. लाज वाटायची. बापाला वेड लागलं म्हणतील.

शेवटच्या वेळी ताई म्हणाल्या, आता दोन महिन्यांनी या. मी रुसलो. मला काढून टाकताय का, असंही बोललो.

"नाही काका. माझ्यावाचून तुमचं चालावं, यासाठीच तर मी बसते इथे."

त्या खोकत होत्या. मी विचारलं नाही. जन्मभर जगाला बरी आहेस ना विचारत आलो, आणि तिथे मान फिरवून जिना उतरलो. कालपासून तेच डोक्यात आहे. त्यांना तेव्हा माहीत असेल का? विचारलं असतं तर सांगितलं असतं का? या प्रश्नांना घेऊन आता कुणाकडे जाऊ?

ताई, तुम्ही मला कधी घाई केली नाहीत. उशीर मीच केला. तुमच्या पाया पडतो.

सुनंदा, तुझा बाप काउन्सेलरकडे जात होता. तुला त्रास दिला म्हणून जात होता. तू बरी आहेस का, हे आज विचारत नाही. आज मीच बरा नाही.

आधी इथे 'सवडीने कळव' असं लिहिलं होतं. ते पुसलं, कारण ते खरं नाही.

लवकर कळव.