उलटं लागलेलं छत

विमानाला आतून छत लावावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. माझी समजूत अशी, की वर पत्रा, पत्र्यावर आभाळ, संपलं. पण आमचे हे कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि सोलापुरात घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला बसले. सांगाडा, पंख, इंजिन सगळं जागेवर आलं, तेव्हा शेवटी राहिलं ते छतच. डोक्यावर उघडा पत्रा. उन्हाळ्यात त्याखाली बसलं की टाळूवर भाकरी भाजली असती.

गल्लीत आमची थट्टा चालायची. शेजारीण भाजी निवडता निवडता विचारायची, "काकू, इमान कदी उडायचं?" मी म्हणायची, "तुमची जावाजावांची भांडणं मिटली की." वरून मी अशी तोंडाळ, पण आतून त्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते. विमानात दोन खुर्च्या, शेजारी शेजारी. एक त्यांची, एक माझी. संसारात आम्ही दोघं मिळून कधी कुठं गेलोच नाही. ते आठवडाभर कुर्डुवाडीला, मी इथं चादरीच्या कारखान्यात काठ शिवत. लग्नकार्यालासुद्धा एक जण गेला की दुसऱ्यानं घर सांभाळायचं. म्हणून त्या दुसऱ्या खुर्चीवर माझा फार जीव होता.

छताची मापं घ्यायची वेळ आली आणि ह्यांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, बाजूचं दिसणं गेलेलं. डॉक्टर म्हणाले, विमान चालवायचं आता विसरा. ह्यांनी शेडला कुलूप घातलं आणि टीव्हीचा आवाज बंद करून त्याच्यासमोर बसायला लागले. विमान उडवायला पुण्याचा ओळखीचा वैमानिक तयार होता, तो प्रश्न नव्हता. पण एका खुर्चीत तो बसला की उरते एकच. विमान उडालं तरी आम्ही दोघं त्यात एकत्र नसणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं आणि कुणाजवळ बोलता आलं नाही.

तरी कुलूप मीच काढलं. म्हटलं, "छत लावायला हात लागत्यात. उठा."

"कापड कुटलं घालायचं?"

"चादर घालू की. सोलापूरचं इमान हाय."

कितीतरी दिवसांनी ते हसले. "चादर घातली तर इमान धावपट्टीवरच झोपंल. लई वजन हुतंय."

शेवटी हलकं निळं कापड आणलं, न पेटणारं. दुकानदाराचा शब्द ह्यांना पुरेना, कोपऱ्याला काडी लावून खात्री केली. मग पुठ्ठ्याचे साचे कापले, पातळ फोम कापला. खुर्च्या काढून ठेवल्या आणि खाली पोती टाकून दोघं उताणे पडलो. पंक्चरवाला वापरतो तसलं सोल्यूशन पत्र्याला आणि फोमला लावायचं, थोडं सुकू द्यायचं, मग दाबायचं. फोम बसला की कापडही तसंच. एकदा धरलं की सोडत नाही. त्या एवढ्याशा जागेत खांद्याला खांदा लागायचा. ते सोल्यूशन लावायचे, मी पदरानं वारा घालायची. अंगाला घामाच्या धारा, नाकात तो उग्र वास, आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं. मी मुद्दाम हळू काम करत होते. छत झालं की हेही संपणार होतं.

मधला मोठा तुकडा मी लावला. हातानं सगळीकडून दाबला, सुरकुती राहू दिली नाही, आणि मग नीट पाहिलं. फिक्कट, सुटे दोरे दिसणारी बाजू खाली आली होती. चांगली निळी बाजू फोमला चिकटून गेली. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी सारखीच देखणी, फक्त रंगांची अदलाबदल होते. उभा जन्म चादरीत गेला, कापड उलटून बघायची सवयच हाताला नव्हती.

"उलटं लागलं काय गं?"

"व्हय."

ओढून काढावं तर फोमही फाटून आला असता. मला रडूच फुटलं. अख्ख्या विमानात माझ्या हातचं एवढंच होतं. ते आडवे पडल्या पडल्या वर बघत राहिले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आपल्या दोघांबिगर कुणाला कळतंय?"

परवानगीच्या कागदांनी नाकी नऊ आणले, ते असो. पंख उतरवून विमान ट्रकनं टेंभुर्णीच्या पुढं एका खासगी धावपट्टीवर नेलं. वैमानिकानं काही दिवस एकट्यानं उडवून पाहिलं. मग एका सकाळी त्यानं विचारलं, "आज कोण येतंय?"

हे म्हणाले, "हिला न्या. हिला लई हौस हाय."

हौस होती. पण ती उडायची नव्हती, ह्यांच्या शेजारी बसायची होती. ते चारचौघांत कसं सांगायचं? मी म्हटलं, "माज्या पोटात ढवळतंय. तुमी जावा." आणि त्यांना खुर्चीत बसवून पट्टा मीच आवळला.

विमान उसाच्या फडांवरून वर गेलं, बारीक झालं. मी कपाळावर हात धरून बघत राहिले. इतकी वर्षं मनात जे पाहिलं होतं, ते घडत होतं आणि मी खाली उभी होते.

उतरल्यावर वैमानिक हसत हसत माझ्याकडे आला. "काकू, काका मला सारखं 'अगं, त्ये बघ धरण, अगं, त्ये बघ रूळ' म्हणत होते. मी आपला हो हो करत होतो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते अजून खुर्चीतच होते.

"मला बाजूचं दिसत न्हाय की," ते म्हणाले. "तूच बसलीयास असं धरून चाललो."