घुंगुरकाठीची लेथ

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच बोलला तो. माझा दादा, सुखदेव. नव्वदी ओलांडलेला माणूस. सकाळी उठला, आपल्या लेथीत तेल टाकलं, बाजूच्या स्टुलावर टेकला आणि बसल्याबसल्याच गेला, हे मला नंतर कळलं. रडू यायच्या आधी माझ्या तोंडून काय निघावं? "तेल टाकलं होतं ना रे त्यानं?" म्हातारीचं डोकं फिरलं, असंच वाटलं असेल पोराला. पण ती लेथ बनताना ज्यांनी पाहिली, त्यातली आता मी एकटीच उरले... म्हणून लिहिते आहे. लेथ म्हणजे लोखंड फिरवत ठेवून त्याला कापणारं, गोल करणारं यंत्र. लोक ते विकत आणतात. माझ्या दादानं ते घरी बनवलं, आणि त्याच्या पोटात आमच्या बाच्या घुंगुरकाठीचे घुंगरू आहेत.

घुंगुरकाठी आता कोणाला ठाऊक असणार! घाटंजीजवळच्या आमच्या गावात वेसकरकी आमच्या घराकडे होती. वेसकर म्हणजे गावचा राखणदार, निरोप्या, मेलेलं ढोर ओढणारा, जे म्हणाल ते. बा रोज ती काठी आपटत घरोघर भाकर मागायला जायचा. घुंगरू वाजले की घरातल्या बाईला कळायचं कोण आलं ते, आणि ती हात लागू न देता वरून भाकर टाकायची. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. त्या दिवशी बानं काठी आढ्याला खोचली ती खोचलीच. गावकीची कामं बंद झाली, तशी भाकर बंद झाली, सुगीचं धान्यही बंद झालं. दादा तेव्हा तालुक्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, झाडझुडीला होता. तिथल्या लेथीखाली पडलेला लोखंडाचा कीस तो गोळा करायचा आणि मिस्त्रीचे हात कसे चालतात ते बघत राहायचा. यंत्राला हात लावायची त्याला मुभा नव्हती. मग एका हंगामात जिन लवकर बंद झालं, दादा घरी बसला, आणि नेमका तेव्हाच गावातून निरोप आला की काठी घेऊन या, झालं गेलं विसरू, धान्य सुरू करू. बाची नजर आढ्याकडे गेली, ती मी पाहिली.

दादानंही पाहिली असणार. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मी लेथ बनवतो." माझं सासर त्याच गावात, दोन घरं सोडून. माझे मालक तिथंच बसले होते, ते खो खो हसले. "अरे सुखदेव, लेथ बनवायले आधी लेथच लागते!" दादा शांतपणे म्हणाला, "मंग पयली लेथ कोनं बनवली? कोन्या तरी मानसानं हातानंच बनवली असन ना?" यवतमाळच्या भंगारातून लेथीच्या बैठकीसाठी रेल्वेच्या रुळाचे दोन तुकडे बैलबंडीत घालून आणले. त्यांची वरची बाजू अगदी सपाट व्हायला हवी होती, आणि दादाकडे होती फक्त कानस. त्यानं घरातला आरसा चौकटीतून काढला, काचेला तेलात कालवलेलं काजळ फासलं आणि काच रुळावर टेकवून उचलली. जिथं काळं लागलं तिथं लोखंड उंच, तेवढंच घासायचं. पुन्हा काच, पुन्हा कानस. माय म्हणायची, "लोकं आरशात आपलं थोबाड पायते, हा लोखंडाले दाखवून राह्यला!" आधी मोजकेच ठिपके उमटायचे. उन्हाळा सरता सरता सगळ्या रुळावर बारीक काळे ठिपके आले. मी हात फिरवला आणि अंगावर काटा उभा राहिला. माणसाच्या हातानं लोखंड इतकं सपाट होतं? मला तर आजही ते खरं वाटत नाही.

बंडीचं जुनं चाक दोन खांबांत बसवलं. ते मी फिरवायचं, आणि त्यावरच्या पट्ट्यानं लेथीचा दांडा फिरायचा. पण दांडा ज्या बुशात, म्हणजे नळीसारख्या कड्यात, फिरतो ते पितळेचं लागतं; लोखंडात लोखंड फिरलं तर एकमेकाला खातं. आणि पितळ आणायचं कुठून? दादा म्हणाला, "बा, ते घुंगरू दे."

बा असा तडकला! "आन उद्या तुही लेथ नाही चालली तं? काठीबी गेली, धान्यबी गेलं. घरच्याइले माती चारू काय?"

"काठी हाय तवर तू वरतेच पायत राह्यशील, बा."

बा उठला, काठी उतरवली आणि स्वतःच्या हातानं एकेक घुंगरू सोडवून धातू वितळवायच्या मुशीत टाकला. उरलेली काठी त्यानं मूस तापवायच्या भट्टीतच घातली. मी माझ्या बापाला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, असं मला वाटलं.

आणि दादानं घाई केली. मातीचा साचा वरून वाळलेला, आतून ओला. वितळलेलं पितळ ओतलं तसा तो तडकला, थेंब उडाले, दादाचा पाय भाजला, आणि बुश निघालं ते नुसती चाळणी. आता काठीही नव्हती आणि लेथही नव्हती. माझी जीभ तिखट, मी म्हटलं, "घ्या! तेलबी गेलं, तूपबी गेलं!" दादा लंगडत मातीत उडालेले थेंब वेचू लागला. ते थेंब आणि चाळणी झालेलं बुश पुन्हा वितळवलं तरी पितळ पुरणार नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा माय आत गेली आणि आपला गडवा घेऊन आली. तिच्या माहेरचा, घरातलं तेवढंच काय ते पितळेचं भांडं. "धर. मी मडक्यानं पानी पीन." या खेपेला साचा बानं आपल्या ताब्यात घेतला. उन्हात वाळवला, गोवऱ्यांच्या आरावर भाजला. दादा विचारायचा, "झाला काय?" बा हात लावून म्हणायचा, "अजून नाही." अजून नाही म्हणजे नाही! त्यानं हो म्हटलं तेव्हाच रस ओतला. बुश निघालं ते गुळगुळीत, पिवळंधमक. दादानं ते आतून खरवडून बसवलं, तेल सोडलं आणि म्हणाला, "फिरव वं शांते." मी चाक फिरवलं. लोखंडाची लांब, कुरळी साल निघून माझ्या पायाशी पडली. आम्ही सगळे येड्यासारखे त्या सालीकडे बघत राहिलो.

काही महिन्यांनी, काठीचा निरोप घेऊन आलेला माणूसच विहिरीवरच्या इंजिनाची मोडकी पिन घेऊन आमच्या दारात उभा राहिला. "सुखदेव हाय का?" बा उंबऱ्यात बसला होता. जन्मभर दुसऱ्याच्या दारात उभा राहिलेला माझा बाप म्हणाला, "हाय. या. बसा." मायनं पाणी पुढं केलं. तो पाणी प्यायला नाही. पिन मात्र घेऊन गेला, आणि पुढं दुसरं काम घेऊनही आला. त्यानंतर आढ्याकडे बघायचं कोणाला कारणच उरलं नाही. त्याच लेथीवर दादानं पुढं ड्रिल बनवलं, लोखंड पकडायचा शेगडा बनवला, एका यंत्रातून दुसरं यंत्र काढत गेला. वीज आली तशी बंडीच्या चाकाच्या जागी मोटर बसली. रूळ सोडले तर सगळं हळूहळू बदललं. बुश मात्र त्यानं बदलू दिलं नाही. खरवडून, सांभाळून, रोज सकाळी तेल देऊन तेच चालवलं.

दादाच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीत गेले. लेथीवर थोडी धूळ बसली होती, स्टूल तिथंच होतं. मिलिंद दारात उभा होता. मी तेलाची कुपी उचलली, बुशात तेल सोडलं आणि त्याला बटण दाबायला लावलं. दांडा फिरू लागला. मी वाकून कान जवळ नेला.

"काय ऐकता आत्या?"

"काही नाही रे," मी म्हटलं, "घुंगरू वाजून नाही राह्यले."